शिंपला पाळायचा तर पाणी पाळा

देवरीला महामार्गाच्या कडेला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंप, कूलर, पिठाची गिरणी, ज्याची कॉइल जळेल ते माझ्या बाकावर येऊन पडतं. अशा माणसाने समुद्रातला महाकाय शिंपला घरात पाळायचं मनावर घ्यावं, यात काहीतरी बिघाड आहे हे मलाही कळत होतं. बायकोने तो बिघाड एका वाक्यात काढून दाखवला: "घरचा माठ भराले वेळ नाही तुम्हाले, अन् निघाले समुद्र आणाले!"

समुद्र काही आला नाही. पण त्या नादापायी गेली काही वर्षं माझ्या मागच्या खोलीत काचेची एक टाकी आहे, टाकीत रेती आहे आणि रेतीत आमच्याच तलावातले शिंपले आहेत. त्यांच्याकडे बघता बघता ज्या गोष्टी डोक्यात शिरल्या, त्या शिरल्या त्याच क्रमाने लिहितो. मी प्राणिशास्त्र शिकलेला माणूस नाही. तेव्हा यातलं पटेल ते ठेवावं, बाकीचं मिस्त्रीची बडबड म्हणून सोडून द्यावं.

१. हौसेला किनारा लागत नाही.

मुंबई-कोलकाता रस्त्यावर आमचं गाव अशा जागी आहे की इकडे मुंबई आणि तिकडे कोलकाता, दोन्ही जवळपास सारखीच लांब. समुद्र कुठूनही गाठायचा म्हटला तरी शेकडो किलोमीटर. तरी एका रात्री मोबाइलवर कुण्या परदेशी माणसाच्या दिवाणखान्यातली टाकी पाहिली आणि माझी झोप उडाली. प्रवाळांच्या मधोमध एक शिंपला उघडा होता आणि त्याचे जाडजूड, नागमोडी ओठ बाहेर पसरलेले होते. रंग निळा, त्यावर हिरवी झाक, काठाला सोनेरी ठिपके. नाव ट्रायडॅक्ना. त्यातली सर्वांत मोठी जात चार फुटांपर्यंत वाढते, दोनशे किलोच्या वर भरते आणि शंभर वर्षंही जगू शकते. घरच्या टाक्यांमध्ये लोक ठेवतात ती मॅक्सिमा किंवा क्रोसियासारखी लहान भावंडं. मला रंगाने ओढलं खरं, पण धरून ठेवलं ते वेगळ्याच माहितीने. त्या ओठांच्या आत सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि शिंपला त्यावर पोट भरतो. आणि ते रंग मिरवण्यासाठी नसून आतल्या शेवाळापर्यंत उजेड नीट पोहोचवण्यासाठी आहेत. शोभा वाटली ती मुळात वायरिंग निघाली. मिस्त्री माणूस आणखी कशाला भुलणार?

२. हिशेब मांडला की हौस स्वतःहून खुर्चीत बसते.

कागद घेतला आणि लिहायला लागलो. एक लिटर पाण्याला पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ, तेही आपलं खाण्याचं नाही, टाकीसाठी बनवलेलं वेगळं. पाणी आधी आरओतून आणि पुढच्या फिल्टरातून काढून जवळजवळ कोरं करायचं, मग त्यात मीठ घालायचं. तापमान पंचवीस ते सत्तावीस अंशांच्या आसपास. कॅल्शियम लिटरमागे चारशे मिलिग्रॅमच्या वर, कारण शिंपला कवच बांधतो ते त्यातूनच. डोक्यावर उन्हाच्या तोडीचा दिवा. पाण्याची वाफ झाली की मीठ मागे राहतं आणि खारटपणा वाढतो, म्हणून रोज गोडं पाणी मोजून ओतायचं. एवढं लिहून झालं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. चिलर लागणार. चिलरला वीज लागणार. वीज कधी जाते आणि कधी येते हे देवरीत माझ्याइतकं कुणाला माहीत असेल? ती आली की झटक्याने येते आणि त्या झटक्यात जळलेल्या मोटारी माझं घर चालवतात. जी वीज माझं पोट भरते तिच्या भरवशावर एक जीव टांगून ठेवायचा, याला माझंच मन तयार होईना.

३. पैसे असले तरी काही दारं बंदच असतात आणि ती बंद असलेलीच बरी.

हिशेब जुळवून आणलाही असता, पण पुढे कायदा उभा होता. आपल्या देशात मॅक्सिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस या जातींचे महाकाय शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ साली प्रवाळांबरोबर त्यांचीही नावं तिथे चढली. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला त्या यादीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही "मिळवून देतो, कागदं होतात" असं सांगणारा एक विक्रेता फोनवर भेटलाच. मी फोन ठेवला, पण तो विचार मनातून लगेच निघाला असं मात्र नाही. बाहेरच्या देशांत पलाऊसारख्या बेटांवर हे शिंपले संवर्धन केंद्रात वाढवतात आणि तिथून ते टाक्यांपर्यंत जातात, मग आपल्यालाच का नाही, असं कितीतरी दिवस वाटत राहिलं. मग दोन बातम्या वाचल्या. एक २०२१ ची. फिलिपिन्सच्या पलावान प्रांतात महाकाय शिंपल्यांची दोनशे टन कवचं जप्त झाली. दोनशे टन म्हणजे आमच्या महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकांची एक अख्खी रांग. दुसरी बातमी आपल्या माणसाची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीपक आपट्यांनी लक्षद्वीपमध्ये तिथल्या बेटकऱ्यांना सोबत घेऊन याच शिंपल्यांच्या रक्षणाचं काम उभं केलं आणि त्यासाठी २००८ मध्ये त्यांना व्हिटली पुरस्कार मिळाला. एक मराठी माणूस या शिंपल्यांना समुद्रात राखण्यासाठी धडपडतो आणि दुसरा देवरीत काचेत घालायची स्वप्नं बघतो. मी पहिल्याच्या बाजूला गेलो. समुद्र परवडणार नव्हता म्हणून हे सोपं गेलं, हेही कबूल करतो.

४. ज्याच्यासाठी जीव टाकावा त्याचा चुलतभाऊ बहुधा गावच्या तलावातच असतो.

आमची आजी कैरी सोलायची ती शिंपल्याने. कवच दगडावर घासून मधोमध भोक पाडायचं, त्याची कड धारदार होते, कैरीचं साल पातळ निघतं. लहानपणी मी तो शिंपला हजार वेळा हातात घेतला असेल, पण तो कधीतरी जिवंत होता हे डोक्यात आलं नाही. त्याचं शास्त्रातलं नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. गोड्या पाण्यातला साधा, काळपट-तपकिरी शिंपला. बाहेरून बघावंसं काही नाही, आतून मात्र मोत्याची झळाळी. भंडारा-गोंदियाकडचे जुने मालगुजारी तलाव हे त्याचं माहेर. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पार बांधून अडवलेलं हे पाणी, त्यावर धानाची शेती उभी राहिली, पन्नासच्या दशकात मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. कितीएक तलाव गाळाने भरले, कितीएक अजून आहेत. समुद्राच्या शोधात मी फोनवर अख्खी दुनिया फिरत होतो आणि दुकानापासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर ही सगळी मंडळी चिखलात बसून होती.

५. मागून घेतलेल्या वस्तूबरोबर शहाणपण फुकट येतं.

तलाव मासेमारी संस्थेच्या ठेक्यात असतो. त्यातलं काही उचलायचं तर विचारून उचलावं. मी विचारायला गेलो तेव्हा ढीवर समाजातले एक म्हातारे बाबा जाळं विणत बसले होते. मी सगळी कहाणी सांगितली, ते हसले नाहीत. हेच मला जड गेलं, कारण मी हसं होण्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून पायाने चाचपत शिंपले काढले. डोळ्यांनी शोधले नाहीत, तळपायाने शोधले. त्यातले मोठे परत टाकले, मधल्या वयाचे ठेवले. मी बादलीत पाणी घेऊन आलो होतो. त्यांनी ती बादली बाजूला सारली आणि शिंपले ओल्या पोत्यात गुंडाळून दिले. "बादलीतलं पाणी गरम होते अन् कोंडते. वल्ल्या पोत्यात तोंड मिटून चुपचाप जातेत थे." निघताना म्हणाले, "मिस्त्री, शिंपले नोको पाहू, पाणी पाहा. पाणी बरं राह्यलं का ते बरे राह्यतेत." नंतर मी पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले, तक्ते काढले. त्या सगळ्यांत या वाक्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

६. स्वस्थ बसलेल्या जिवाकडे बघायला आधी आपल्याला स्वस्थ बसता यावं लागतं.

पहिले काही दिवस घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: यात बघायचं काय? मासा निदान फिरतो. माझंही तसंच होत होतं. मग एका रात्री दुकान बंद करून टाकीसमोर बसलो आणि बसूनच राहिलो. अर्धा रेतीत रुतलेला शिंपला. रुंद टोक वर. बराच वेळ काही नाही. मग दोन पाळ्यांमधली फट हळूच रुंदावली आणि दोन तोंडं दिसू लागली. एकाच्या काठाला बारीक झालर, दुसरं गुळगुळीत. हिरव्या पाण्यातला एक कण झालरीच्या दिशेने तरंगत आला, जवळ येताच वळला आणि आत गेला. दुसऱ्या तोंडातून अदृश्य धार बाहेर येत होती, ती दिसली ती समोरचे रेतीचे दाणे सरकताना. एवढ्यात महामार्गावरून लोड गाडी गेली. माझ्या कानांना तिची सवय झालेली, मला ती ऐकूही आली नाही. पण शिंपल्याने दोन्ही तोंडं मिटली आणि फट बंद केली. गाडी लांब गेल्यावर बऱ्याच वेळाने पुन्हा उघडली. आयुष्यभर या रस्त्याच्या कडेला राहून रस्ता इतका हादरतो हे मला एका शिंपल्याने सांगितलं. सकाळी उठून पाहिलं तर रेतीत वीतभर लांब चर पडलेली आणि तिच्या टोकाला तो बसलेला. जीभ काढावी तसं पाऊल काढून रात्रभरात त्याने तेवढा प्रवास केला होता.

७. नितळ पाणी दिसायला छान, पण शिंपल्याची त्यात उपासमार होते.

टाकी ठेवणाऱ्याला पाणी काचेसारखं हवं असतं. माझा तर धंदाच पाणी खेचण्याचा, त्यामुळे फिल्टर जोरदार लावायची खुमखुमी. पण तळ्यातला शिंपला जगतो तो पाणी गाळून. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, कुजका कचरा, जिवाणू हे त्याचं जेवण. आपण फिल्टर लावून त्याच्या ताटातलं आधीच काढून घेतो. आणि हा प्राणी उपाशी आहे हे सांगत नाही. अंगातलं जाळत महिनोन्‌महिने तसाच बसून राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मजेत आहे. समुद्रातल्या त्या महाकाय भावाच्या अंगातच चूल पेटलेली असते, ऊन मिळालं की शिजलं. हा मात्र शेजाऱ्यांकडच्या जेवणावर जगणारा. म्हणून आता गच्चीवर हिरव्या पाण्याच्या बादल्या असतात. तलावाचं पाणी, थोडं शेण, भरपूर ऊन, आणि चार-सहा दिवसांत पाणी पोपटी होतं. त्यातलं तांब्याभर रोज टाकीत जातं. लोक कष्टाने शेवाळ काढतात, मी कष्टाने शेवाळ पिकवतो. शेजारचे आधी विचारायचे, आता विचारत नाहीत.

८. आपल्या पोटापाण्याची वस्तू दुसऱ्याचं विष असू शकते.

तांबं हे माझं भांडवल. दिवसभर तांब्याची तार हातात, बोटांच्या पेरांत तिचा रंग. आणि गोगलगाय काय, शिंपला काय, या सगळ्या मृदुकाय जिवांना पाण्यातलं तांबं फार लवकर मारतं. गोगलगाई मारायला मोरचूद वापरतात हे आमच्या कृषी केंद्रवाल्यालाही ठाऊक आहे. माशांच्या रोगावरची काही औषधं तांब्याचीच असतात, ती मासा वाचवतात आणि शिंपला संपवतात. समुद्रातल्या महाकाय शिंपल्यालाही हाच नियम. हे कळल्यावर मी टाकीजवळ पितळी वॉल्व लावला नाही, जुन्या पंपाची गुंडाळी कितीही वॉर्निश केलेली असली तरी पाण्यात सोडली नाही. टाकीची बादली वेगळी, मग वेगळा. दुकानातून आलो की कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे, मगच टाकीला हात. बायको म्हणते, "लेकराले घ्यायच्या वक्ताले इतले हात नोते धुतले कधी." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

९. हा गेला आहे की आहे, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही.

मासा मेला की तरंगतो. शिंपला जिवंत असताना जसा दिसतो तसाच मेल्यावरही बरेच दिवस दिसू शकतो. उघडा असेल आणि टिचकी मारल्यावर मिटला नाही, तर संपला. मिटलेला असेल तर काय? हातात घेऊन वजन पाहायचं, वास घ्यायचा. रेतीत पूर्ण गेलेला असेल तर तेही नाही. आणि लहान टाकीत एक शिंपला कुजला तर पाण्यात अमोनिया इतका चढतो की बाकीचे आणि मासे त्याच्या मागोमाग जातात. म्हणून मी दर आठवड्याला सगळ्यांना शोधून टिचकी मारतो. काही गेले. का गेले ते कळलं नाही. मोटार जळली तर मी वास घेऊन सांगतो, कोणता फेज, किती वेळ, कुणाची चूक. इथे तसं सांगता येत नाही. कारण न सापडता एखादी गोष्ट संपते आणि आपल्याला तशीच मानून घ्यावी लागते, हे या धंद्यातल्या माणसाला पचायला वेळ लागतो.

१०. मे महिना हा खरा परीक्षक.

वर्षभर कुणीही शिंपले पाळेल. वैशाखात पाळून दाखवावं. टाकी उंच टेबलावरून काढून उत्तरेच्या खोलीत जमिनीवर आणली. तीन बाजूंनी ओलं तरट. वर छोटा पंखा, पाण्यावर वारा घातला की वाफ होताना उष्णता काढून नेते आणि दोन-तीन अंशांचा फरक पडतो. जेवढं उडालं तेवढं शिळं, एक दिवस ठेवलेलं पाणी ओतायचं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन निघून गेलेलं असतं. एवढं करूनही पाण्याला हात लावला की मला धाकधूक. त्याच दिवसांत तलावावर गेलो तर अर्धा तलाव आटलेला, चिखलाला भेगा. बाबांनी एका भेगेत काडी घालून खालची ओल दाखवली आणि म्हणाले, काही शिंपले आत उतरून पाळ्या मिटून पावसाची वाट पाहतात. ज्याला मी पंख्याखाली जपतो त्याचा सख्खा भाऊ तिथे चिखलात उन्हाळा काढतो. त्याच्याकडे खोल चिखल आहे आणि माझ्याकडे चार बोटं रेती, फरक एवढाच. सहनशक्ती नुसती जिवात नसते, जागेतही असते.

११. एका शिंपल्याचं घर बसायला मासा लागतो.

मला वाटायचं, नर-मादी असले की पुरे. समुद्रातल्या महाकाय शिंपल्याचा संसार अजबच आहे. तो आधी नर असतो, पुढे वाढला की एकाच अंगात नरही आणि मादीही. बीजं थेट समुद्रात सोडतो, पिल्लं आठवडाभर तरंगतात, मग तळाला बसतात, आणि अंगातलं ते शेवाळ आईबापाकडून न मिळता पाण्यातून स्वतः मिळवावं लागतं. आमच्या तलावातल्याची तऱ्हा याहून अवघड. त्याची पिल्लं, ग्लोकिडिया म्हणतात त्यांना, टाचणीच्या डोक्याहून लहान. पाण्यात पडली की त्यांना मासा गाठावा लागतो. माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून ती काही दिवस, कधी काही आठवडे, राहतात, वाढतात आणि मग सुटून तळाला पडतात. मासा मिळाला नाही तर खेळ खलास. स्वतः जागचा फारसा न हलणारा हा प्राणी आपली पोरं माशाच्या पाठीवर बसवून तलावभर पाठवतो. म्हणजे माशांचं काय चाललंय, यावर शिंपल्यांचं भवितव्य. आणि आमच्या कितीएक तलावांत गाळ भरला, बेशरमीची झुडपं माजली, पाण्यातली जुनी झाडं गेली, ती गेली तसे स्थानिक मासेही गेले. अर्जुनी-मोरगावकडे मनीष राजनकर आणि तिथल्या ढीवर मंडळींनी बेशरम उपटून, तलावाच्या तळाला देशी पाणवनस्पती लावून मासे परत आणल्याचं काम उभं केलं आहे. ते काम माशांचं म्हणून ओळखलं जातं. मला मात्र त्यात शिंपल्यांची पाळणाघरं दिसतात.

१२. लोकांना शिंपला दिसत नाही, मोती दिसतो.

घरी आलेला प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, "मोती निघाला का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: निघाला असता तर तुम्हाला सांगितलं असतं का? खरं उत्तर जरा लांब आहे. भुवनेश्वरच्या सिफा या केंद्रीय संस्थेने आपल्याच या साध्या तळ्यातल्या शिंपल्यांपासून मोती पिकवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. शिंपला जरासा उघडून आत केंद्रक बसवतात आणि मग वर्ष-दीड वर्ष वाट बघतात. प्रत्येक शिंपला त्या शस्त्रक्रियेतून वाचत नाही आणि वाचलेल्या प्रत्येकात दाणा चांगला निघत नाही. आपल्या महाराष्ट्रातही लोक ही शेती करतात, करावी, नीट शिकून करावी. माझी त्याला ना नाही. फक्त त्या पाहुण्याला मी टाकीसमोर पाच मिनिटं बसवतो. बहुतेकजण दोन मिनिटांत मोबाइल काढतात. एखादा बसतो. त्याला ती झालर दिसते आणि तो मोत्याचं विचारायचा थांबतो. असा एखादा मिळाला की त्या दिवशी मी भरून पावतो.

१३. पाळणं म्हणजे परत नेऊन देता येणंही.

टाकीतली संख्या मी वाढू देत नाही. पावसाळा लागला की काही शिंपले ज्या तलावातून आणले त्याच तलावात जातात, दुसऱ्या नाही. एका पाण्यातला रोग, किडा, अनोळखी जीव दुसऱ्या पाण्यात न्यायचा नाही, हे बाबांनीही सांगितलं आणि वाचलेल्या पुस्तकांनीही. बाजारातून आणलेला शोभेचा मासा तर तलावात कधीच सोडू नये, मुलांनी कितीही पुण्याचं काम म्हणून हट्ट धरला तरी. समुद्रातल्या शिंपल्याबाबत माझं मत आता पक्कं आहे. तो लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात, उन्हाखाली बरा आहे. तिथेही पाणी फार तापलं की प्रवाळांसारखा तोही पांढरा पडतो, अंगातलं शेवाळ गमावतो, तेव्हा त्याच्यापुढच्या अडचणी कमी नाहीत. त्यात आपल्या दिवाणखान्यांची भर नको.

तेव्हा तुम्हाला सांगणं एवढंच. महाकाय शिंपला मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर घेऊ नका, वन विभागाला कळवा. घरात टाकी ठेवायचीच असेल तर आपल्या पाण्यातले जीव ठेवा, तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारून ठेवा, आणि जेवढं जगवता येईल तेवढंच आणा. आणि टाकी ठेवायची नसेल तरी एक करा. गावच्या तलावावर जाळं टाकणारं जे कुणी जुनं माणूस असेल त्याला विचारा, आपल्या तलावात शिंपले आहेत का. नाहीत म्हणालं, तर कधीपासून नाहीत तेही विचारा.